पाया पडणारे शत्रू

शिवराजनं तलवार उगारली, माझ्या खांद्यापर्यंत आणली, तिथंच थांबवली, मग ती डाव्या हातात घेतली आणि वाकून माझ्या पाया पडला. सरळ झाल्यावर मला व्यवस्थित वळसा घालून त्यानं माझ्या मागं उभ्या असलेल्या अनिरुद्धला दोन फटके दिले. अनिरुद्ध "मेलो" असं ओरडून गवतात आडवा झाला. मी हातात कंदील धरून होतो तसाच उभा. कॉलेजच्या मागच्या मैदानावर सकाळी फेऱ्या मारायला येणारी मंडळी थांबून हे पाहत होती. त्यांच्यातल्या कानटोपीवाल्या एका गृहस्थांनी शेजारच्याला म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "बघा, याला संस्कार म्हणतात." त्यांच्याकडे पाहून मी मान हलवली. का हलवली कुणास ठाऊक. खरं तर मला कंदील फेकून मारावासा वाटत होता. पण जे वाटतं त्याच्या उलट मान हलवायची मला इतक्या वर्षांची सवय आहे की मान आता मला विचारतसुद्धा नाही.

घरी चालत येताना तो हात मला पायांवर जाणवत राहिला. हलका, घाईचा, बोटं बुटाला लागली न लागली असा. आणि जिथं फटका बसायला हवा होता ती खांद्यावरची जागा रिकामी वाटत होती, दात पडल्यावर हिरडीत वाटतं तशी. कोर्टासमोर पोचल्यावर मी त्या जागेवर हात ठेवून पाहिला. याच कोर्टाच्या नक्कल विभागात माझी सगळी नोकरी गेली. मूळ कागद समोर, नक्कल शेजारी. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ओळीखालून बोट न्यायचं. मी बोट न्यायचो. बांधावरून फुटलेली डोकी, लग्नात उगारलेल्या काठ्या, बाजारात धरलेल्या गचांड्या, सगळं माझ्या बोटाखालून गेलं. जिल्ह्यातली निम्मी माणसं उरलेल्या निम्म्यांना मारत होती आणि मी त्यातले अनुस्वार तपासत होतो. मला कधी कुणी साधा धक्काही दिला नाही. ही काही तक्रार करण्याची गोष्ट नव्हे, हे मलाही कळतं. कुणाला सांगायला गेलो तर तो आधी माझं ब्लडप्रेशर विचारेल. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही, आणि न सांगितल्यामुळं ते अधिकच डोक्यात बसलं.

हा खेळ आमच्या घरात आणला तो अक्षरानं. अक्षरा माझी नात. तिची नोकरी बंगळूरच्या कंपनीत, पण काम घरूनच करायचं, म्हणून वर्षभर ती आमच्याकडे धाराशिवला राहायला आली. इथं शांत आहे म्हणाली. तिकडे असताना ती सुटीच्या दिवशी एका बागेत जाऊन अनोळखी माणसांबरोबर हा खेळ खेळायची. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, तसे कपडे करायचे, आणि दिवसभर ते पात्र होऊन वावरायचं: बोलायचं, कट करायचे, तह करायचे, लढायचं. कुठलं राज्य, कुठला काळ, सगळं मनचं. नाटकासारखं, पण समोर प्रेक्षक नाहीत आणि काय बोलायचं ते कुणी लिहून दिलेलं नाही. याला लार्प म्हणतात म्हणाली. मी तिला मराठीत 'वेषक्रीडा' असा शब्द सुचवला. ती "मस्त" म्हणाली आणि त्यानंतर तो शब्द तिनं किंवा आणखी कुणी एकदाही वापरला नाही. इथं तिनं गावातली, आसपासची मुलं जमवली; ती त्याला 'लढाई' म्हणतात. माझी बायको सरोजिनी 'तुमचं ते सोंग' म्हणते. तलवारी करायला आमच्याच गच्चीवर बसले होते सगळे. ठिबकचा जाड पाइप कापायचा, त्यावर एसीच्या नळीला घालतात तो काळा फोम चढवायचा, टोकाला जास्तीचा गुबगुबीत बोळा, वरून चंदेरी चिकटपट्टी. लागलं तरी उशी लागल्यासारखं. पहिल्यांदा येणाऱ्याला अक्षरा सांगायची ते मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. बूट घट्ट घाला. पाणी आणा. पहिल्या दिवशी सोपं पात्र घ्या, एखादा पहारेकरी, एखादा वाटसरू. डोक्यावर मारायचं नाही. अंगावर दोन फटके बसले की माणूस मेला. आणि बसला की नाही हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही. ज्याला बसला त्यानंच मोजायचं, त्यानंच मोठ्यानं "मेलो" म्हणायचं आणि शिट्टी होईपर्यंत पडून राहायचं. साक्षीदार नाही, पंचनामा नाही. हा नियम ऐकून मी जिन्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभा राहिलो. इतका सुंदर नियम मी कुठल्या निकालपत्रात वाचला नव्हता.

मी स्वतःहून गेलो असं म्हणता येणार नाही. मी स्वतःहून कुठंच गेलेलो नाही. आधी अक्षरानं मला राज्यांची नावं विचारली, मी दिली. मग नद्यांची, मग दोन राजघराण्यांत वैर का आलं त्याची हकिगत विचारली, ती मी इतकी लांबवली की ग्रुपवर टाकल्यावर सगळ्यांनी अंगठे पाठवले आणि वाचली कुणीच नाही. मग एका रविवारी एक माणूस कमी पडला. अक्षरा म्हणाली, "आजोबा, नुसतं कंदील घेऊन उभं राहायचंय." गडाचा अखेरचा दिवा सांभाळणारा दीपधर. नियम असा की दीपधर उभा आहे तोवर गड पडत नाही. मी आढेवेढे घेतले, माझा गुडघा सांगितला, वय सांगितलं. आणि हे सगळं सांगत असताना माझ्या पोटात एक मूल उड्या मारत होतं, त्याचं मी कुणाला कळू दिलं नाही. झगा म्हणून सरोजिनीनं कपाटातून माझ्या निवृत्तीच्या सत्काराची शाल काढून दिली; तिला तेवढ्यानं कपाट मोकळं झाल्याचं समाधान. पडायचा सराव मी पलंगावर केला. "मेलो" म्हणायचा सराव न्हाणीघरात, दार लावून. माझा आवाज मुळात बारीक. कोर्टातसुद्धा साहेब म्हणायचे, विष्णुपंत, तुम्ही बोलताय की विचार करताय? न्हाणीघरात आवाज घुमतो म्हणून धीर आला आणि मी चांगला खणखणीत "मेलो" म्हणालो. दुसऱ्या क्षणी सरोजिनी दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होती. पडलात का, कडी काढा, कडी काढा. मी ओल्या अंगानं दार उघडून उभा राहिलो. काय सांगणार? साबण संपलाय म्हणालो.

आणि एवढं सगळं करून मला कुणी मारेना. पहिल्या रविवारी वाटलं, नवीन आहोत, बिचकत असतील. नंतर लक्षात आलं की मुलं माझ्याजवळ आली की त्यांचा वेग कमी होतो, चेहरा बदलतो, देवळात शिरताना बदलतो तसा. आरडाओरडा करत धावत येणारं एखादं पोर माझ्यासमोर आलं की तलवार खाली घेऊन "आजोबा, पाणी घेतलं का?" असं विचारतं. एकदा मीच वैतागून कुणाची तरी पडलेली तलवार उचलली आणि शिवराजवर चालवली. ती त्याच्यापासून हातभर लांबून गेली. पट्टीसुद्धा लागली नाही. तरी तो "मेलो आजोबा, मेलो" म्हणत दोन्ही हात पसरून पडला आणि पडल्यापडल्या माझ्याकडे बघून हसला. लहान मुलानं बोटानं 'ठो' केलं की आपण पडतो ना, तसा. ढोकीच्या कारखान्यावर हा मुलगा वजनकाट्यावर असतो, तिथं ट्रॅक्टरवाल्यांशी त्याची रोज शिवीगाळ चालते असं ऐकतो. माझ्या वाट्याला मात्र त्याचं ते हसू. ज्याच्या हातात कंदील तो मरतच नसल्यामुळं आमची बाजू प्रत्येक वेळी जिंकायची, आणि जिंकल्यावर माझ्या बाजूची मुलं मला बाटलीतलं पाणी द्यायची आणि समोरची मुलं धुळीत काठीनं रेघोट्या ओढत बसायची.

लहानपणी तुळजापूरच्या आमच्या गल्लीत संध्याकाळी शिवाशिवी चालायची. ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य. पुजाऱ्यांची पोरं, आमची कारकुनाची, दोन-तीन फुलवाल्यांची. मी त्यांच्यात धावायचो. चष्मा नव्हता अजून, पण डोळे बारीक करून धावायचो. मला कुणीतरी शिवायचं, पाठीवर हात पडलेला मला कळायचा, आणि तरी राज्य माझ्यावर यायचं नाही. शिवणारा पुढं दुसऱ्याच्या मागं पळायचा. माझी समजूत झाली की माझ्या अंगात काहीतरी आहे. देवीच्या गावातली समजूत. तिला जागा भरपूर असते. किती दिवस मी त्या समजुतीत राहिलो सांगता येत नाही, पण त्या दिवसांत मी रस्त्याच्या मधून चालायचो हे मला पक्कं आठवतं. मग एकदा जेवताना मी आईला सांगितलं की मला कुणी बाद करूच शकत नाही. थोरल्या भावाला इतकं हसू आलं की आमटी त्याच्या नाकातून आली. "अरे, तू लिंबूटिंबू आहेस." आईनं त्याला डोळ्यांनी दटावलं आणि माझ्या पानात भात वाढत म्हणाली, मीच सांगितलंय त्यांना, तुला ताप येऊन गेला होता ना. त्या भाताची वाफ माझ्या तोंडावर आलेली मला अजून आठवते. दुसऱ्या दिवसापासून मी कट्ट्यावर बसून पुस्तक वाचायला लागलो. सगळे म्हणाले, मुलगा अभ्यासू आहे. आता या वयात, शाल गुंडाळून, कंदील घेऊन मी त्याच गल्लीत परत उभा आहे; फक्त पूर्वी ताप होता आणि आता आदर आहे. तापाला निदान उतार असतो.

मधे एकदा मी पुतण्याकडे लोहाऱ्याला निघालो होतो. गाडीत कंडक्टर म्हणून वर्षाराणी. ही आमच्या खेळात समोरच्या सैन्याची सेनापती, मूळची लोहाऱ्याकडचीच, दणकट, आवाजाची. मला बघून ओळखीचं हसेल म्हणून मी आधीच हसून ठेवलं. ती मशीन खटखटवत आली. "आधार दाखवा." मी म्हटलं, अगं वर्षाराणी, मी. "ड्यूटीवर ओळख न्हाय, आजोबा. हाफ पायजे तर आधार." पाकिटात शोधता शोधता माझा वाचनालयाचा पास, चष्म्याचा रुमाल, दोन जुनी तिकिटं खाली पडली. मागचा माणूस चिडला. ती तशीच हात पुढं करून उभी होती. कार्ड तिनं खालीवर करून नीट पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग तिकीट फाडून दिलं आणि पुढं गेली. मला इतकं बरं वाटलं की मी खिडकीतून बाहेर बघत बसलो, कुणाला चेहरा दिसू नये म्हणून. ही मारेल, मला वाटलं. ही नक्की मारेल. आणि पुढच्याच रविवारी ती मैदानावर माझ्यासमोर आली, तलवार तोलली, आणि खाली घेऊन वैतागानं अक्षराला म्हणाली, "ह्येंच्याजागी दुसरं कुणीतरी उभं करा की. सुट्टीच्या दिवशी मला पाप नगं."

त्याच आठवड्यात अक्षरा चहा घेऊन माझ्या खोलीत आली. चहा घेऊन ती येते तेव्हा काहीतरी अवघड असतं. समोरची मुलं कुरकुर करतायत म्हणाली, दोघं यायचे बंद झालेत, कंदीलवाला पडतच नाही तर खेळायचं कशाला म्हणतात. चूक कुणाचीच नाही. तिनं त्यावर एक उपाय काढला होता. येत्या रविवारची लढाई ढोकीला होती, तिथपासून मला ऋषी करायचं. लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकायची, ऋषीला मारायचं नाही असा नियमच करायचा, दोन्ही बाजूंची माणसं माझ्याकडे सल्ला मागायला येतील, मी त्यांना कोडी घालीन. तुम्ही इतकं वाचलंय, म्हणाली. खुर्ची प्लॅस्टिकची, हातवाली, ती शिवराज आणणार होता. मी मान हलवायला लागलो होतो. मान जवळजवळ पूर्ण हललीच. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती, तो आवाज थांबेपर्यंत मी चहाच्या कपात बघत राहिलो आणि मग माझ्या तोंडून आलं, "या रविवारी ढोकीला मीच दीपधर. त्या दिवशीही कुणी मारलं नाही, तर खुर्ची आणा." अक्षरा माझ्याकडे बघत राहिली. बहुतेक तिला खुर्चीच्या ऐवजी भलतंच काही ऐकू आलं असावं. "आजोबा, तुम्हाला मार खायचाय?" असं तिनं विचारलं, अगदी हळू, आजारी माणसाला विचारतात तसं. मी तिला म्हणालो, चहात साखर कमी आहे.

मग माझा संशय सरोजिनीवर गेला. आईनं गल्लीत सांगून ठेवलं होतं, तसं हिनं पोरांना सांगून ठेवलेलं असणार: ह्यांचा गुडघा, ह्यांची गोळी, जरा जपून. शिवराज घरी आला की ती त्याला हमखास स्वयंपाकघरात बोलावते. मी तिला सरळ विचारलं. म्हणजे माझ्या परीनं सरळ. आधी हवेबद्दल बोललो. ती शेंगा सोलत होती. तिनं शेंगांवरून नजरही उचलली नाही.

"मी कशाला सांगू? मला वाटतं एकदा कुणीतरी हाणावं तुम्हाला."

ती पुढं म्हणाली, "कोण मारणार तुम्हाला? भाजीवाली किडकी वांगी घालते पिशवीत, तर तिला 'येतो हं' म्हणून येता. गाडीत तुमच्या जागेवर माणूस बसला तर त्याच्याच सामानाला हात लावून धरता, पडू नये म्हणून. मार खायला कुणाचं तरी काही घ्यावं लागतं, अहो. तुम्ही कधी घेतलंय कुणाचं काही?" मी विचार करू लागलो. ती म्हणाली, "बघा. आठवावं लागतंय."

हे बोलणं मला लागलं असं म्हणवत नाही, कारण लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण त्या रात्री जेवताना मी तिच्या ताटातली लोणच्याची फोड उचलून खाल्ली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बरणी माझ्याकडे सरकवली. वैताग आला. या घरात, या गावात, मला काही घेऊसुद्धा देत नाहीत. मी हात पुढं केला की देऊन टाकतात.

ढोकीला शिवराजच्या चुलत्याचं रान. ऊस नुकताच गेलेला, रानभर वाळलेलं पाचट, त्यावर चाललं की कुरकुर आवाज, आणि कारखान्याकडून वाऱ्याबरोबर येणारा मळीचा आंबट वास. बांधाशी बंद पडलेलं गुऱ्हाळ. चुलवाणाची जागा खचलेली, पण भिंती उभ्या, पत्रे अर्धे, आणि आत जायला एकच अरुंद दार. हाच आमचा गड. अक्षरानं गळ्यात शिट्टी अडकवून बांधावर जागा घेतली. ती कुणाच्याच बाजूची नव्हती. मी शाल पांघरली, बॅटरीचा कंदील लावला, उन्हात तो लागला आहे की नाही ते कळत नव्हतं, आणि दारात उभा राहिलो. लिंबाखाली शिवराजनं आणलेली पांढरी खुर्ची आधीच ठेवलेली होती. ती तिथं नको, असं मला कुणाला तरी सांगायचं होतं. सांगितलं नाही. खेळ सुरू झाल्यावरही माझी नजर तिच्याकडेच जात होती. आमची मुलं एकेक करून पडली. अनिरुद्ध तर सुरुवातीलाच पडला आणि मोबाइल काढून पडल्यापडल्या बघत बसला. पाचटातून आवाज करत समोरचं सैन्य आलं आणि दारापाशी, माझ्यासमोर, थांबलं. मला हे माहीत होतं. हेच होणार होतं. सगळे धापा टाकत, तलवारी खाली करून, अर्धवट गोल करून उभे राहिले आणि माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलू लागले, जसं दवाखान्यात खाटेभोवती बोलतात.

शिवराज म्हणाला, "म्या न्हाय बाबा. म्या सकाळीच त्यांच्या घरी पोहे खाल्लेत."

कुणी म्हणालं, नुसतं टेकवू तलवार, आजोबा मेलो म्हणतील. कुणी म्हणालं, आजोबांनाच सांगा बाजूला व्हायला. वर्षाराणी अगदी माझ्या पुढ्यात, पण माझ्याकडे पाठ करून, त्या सगळ्यांवर खेकसत होती की उन्हात किती वेळ उभं करता म्हाताऱ्या माणसाला. तिच्या कमरेला, पाठीमागच्या बाजूला, त्यांचं निळं निशाण खोचलेलं होतं. ओढणीचाच तुकडा. ते निशाण शत्रूनं गडात नेलं की त्यांचा डाव संपला. माझ्यापासून ते वीतभर लांब होतं. मला त्याची शिवण दिसत होती, एक दोरा सुटलेला दिसत होता. मी बोट नेलं असतं तर ओळीखालून न्यावं तसं त्या शिवणीखालून गेलं असतं. माझ्या मनात खूप गोष्टी आल्या. बाईमाणसाच्या कमरेचं कापड ओढणं बरं दिसेल का. गुडघा वळेल का. दीपधर म्हणून म्हणायला मी एक लांब वाक्य पाठ केलं होतं, त्याचा पहिला शब्द काय. लिंबाखाली खुर्ची. आणि मग निशाण माझ्या हातात होतं. ते कसं आलं हे मला आजही जोडून सांगता येत नाही. मूळ कागदात तेवढी ओळच नाही. कंदील खाली पडला होता आणि माझी मूठ निळ्या कापडावर आवळलेली होती.

वर्षाराणी गर्रकन वळली. "ओ आजोबा. द्या हिकडं."

"नाही," मी म्हणालो. मला माझाच आवाज ऐकू आला.

"अवं खेळ हाय त्यो, पर निशाण द्या."

"हे माझं आहे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, गाडीत कार्डाकडे आणि माझ्याकडे बघितलं होतं तशी. "देत न्हाय?"

"नाही देत."

"मग आता ओळख न्हाय," असं ती म्हणाली आणि पहिला फटका माझ्या डाव्या खांद्यावर बसला. फोमचाच होता. उशीचाच. पण तो हाताच्या पूर्ण वजनानं आला, अर्ध्यात थांबला नाही, आणि त्या रिकाम्या जागेवर बरोबर पडला. मी मागं झुकलो. दुसऱ्या फटक्याआधी ती थांबली नाही. तो बरगडीवर, आडवा. शाल सुटली. एक, दोन. मोजायचं मीच होतं. मला शंका आली की पहिला खांद्यावर बसला की दंडावर, दंडावरचा धरायचा की नाही, मग मी ती शंका तिथंच टाकली आणि म्हणालो, "मेलो." बारीक आला आवाज. विचार केल्यासारखा. मी श्वास घेतला आणि न्हाणीघरात म्हणालो होतो तसा, गुऱ्हाळाचे पत्रे वाजतील असा, पुन्हा म्हणालो. आणि पडलो. पलंगावर पडायचो तसा नाही; आधी गुडघा, मग हात, मग कूस, एखादं पोतं उतरवतात तसा, दाराच्या बरोबर मधे. पाचट टोचत होतं. कानाखाली काहीतरी चालत होतं, मुंगी असावी.

मग पाचटावरून कुणीतरी पळत गेल्याचा आणि पळत आल्याचा आवाज झाला, आणि किलकिल्या डोळ्यांनी मला खुर्चीचे पांढरे पाय दिसले. शिवराज. "आजोबा, उठा, बसा हितं, लागलं का, आजोबा?"

वर्षाराणी म्हणाली, "खुर्ची कशाला? मेलेत ते."

"आगं पर..."

"मेलेत म्हनलं ना. त्यांनीच सांगितलं. ऱ्हावू दे पडलेले." माझ्या मुठीतून तिनं निशाण ओढून घेतलं; मी सोडत नव्हतो, मेलेल्या माणसाची मूठ किती घट्ट असावी याचा मला अंदाज नव्हता. "आता गडात शिरा. चला."

पण दार अरुंद आणि दारात मी आडवा. सगळे पुन्हा अडले. झोपलेल्या माणसाला ओलांडायचं नाही हे त्यांना रांगत्या वयात शिकवलेलं. मी तर म्हातारा, वर मेलेला. कुणाचा तरी बूट माझ्या पोटापाशी आला आणि मागं गेला. मला वाटलं, आता हे मला उचलून बाजूला ठेवणार, कडेनं, भिंतीशी, जिथं आजवर ठेवत आले तिथं. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात माझ्यावरून वारा गेला आणि पलीकडे, गुऱ्हाळाच्या आत, दणकट पाय टेकल्याचा आवाज झाला. "बघता काय? वलांडा," वर्षाराणी आतून ओरडली. मग दुसरं पाऊल गेलं. मग तिसरं, धावत. कुणाच्या तरी बुटाची माती माझ्या तोंडावर पडली. शाल तुडवली गेली. बांधावरून अक्षराचं हसू ऐकू आलं, की हुंदका होता, तोंडावर हात ठेवल्यावर दोन्ही सारखेच ऐकू येतात. आत आरोळी झाली, गड पडला, गड पडला. माझ्यामुळं पडला. मी राखला असता तर पडला नसता. मी पडलो म्हणून पडला. बरगडीत चांगलं दुखत होतं आणि मी ते दुखणं हलवलं नाही, कढत चहा हातात धरतात तसं नुसतं धरून ठेवलं.

शेवटी शिवराज राहिला. तो खुर्ची धरून माझ्या पायांशी उभा होता. त्यानं खुर्ची खाली ठेवली. काहीतरी पुटपुटला. मग एक मोठी ढांग टाकून तो मला ओलांडून आत गेला. मी मनात म्हणालो, शाबास. आत गेल्यावर त्याचे पाय थांबले. मला दिसत नव्हतं, पण त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला सबंध ऐकू येत होतं, कारण माझ्याही आईनं मला तेच शिकवलं होतं: चुकून ओलांडलंस तर परत उलटं ओलांड, म्हणजे दोष जातो. तो वळला. त्यानं पुन्हा एक मोठी ढांग टाकली आणि मला उलटा ओलांडून बाहेर आला. दोष गेला. मग तो गडाबाहेर, दारासमोर, खुर्चीशेजारी एकटाच उभा राहिला आणि आता आत कसं जायचं याचा विचार करू लागला. मी मेलेला होतो. मला काही सांगता येत नव्हतं.